‘नोंदवा’ बटणाचं संस्थान

वर्की अच्चायनच्या खोलीत बसायला एकच स्टूल होतं, आणि त्या स्टुलावर बसल्याशिवाय केंद्रात कुणाचंही काम पुरं होत नसे. प्रमुख असलेल्या उण्णित्तान सारांचंसुद्धा. सरकारी नोकरीत असा मान बढती घेऊनही मिळत नाही. वर्कीला तो एका जुनाट चौकोनी मॉनिटरने मिळवून दिला होता.

केंद्र कोल्लमच्या बाहेर, कायलच्या म्हणजे खाडीच्या पाण्याच्या काठावर. काम तारलीचं. बंदरावरून मासळी यायची, तिच्या डोक्यातून तिळाएवढा कानखडा काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो घ्यायचा आणि झाडाच्या बुंध्यासारखी त्याची वलयं मोजून माशाचं वय ठरवायचं. खड्याची लांबी-रुंदीही घ्यायची. हे सगळं ज्या प्रोग्रॅमवर चाले त्याचं नाव ‘वलयम’. तो कुणा विद्यार्थ्याने लिहून दिला होता. विद्यार्थी पुढे नॉर्वेला गेला, तिकडचाच झाला, आणि वलयम इथे पोरका राहिला.

वलयमची चौकट एकाच मापाची होती. त्या काळच्या चौकोनी मॉनिटरवर बेतलेली. ती ना वाढे, ना आक्रसे. पुढे केंद्रात नवे मॉनिटर आले, रुंद आणि बुटके, तेव्हा चौकटीचा तळ पडद्याच्या खाली गेला. आणि तळाशी काय होतं, तर ‘नोंदवा’ हे बटण. म्हणजे सकाळभर डोळे फोडून वलयं मोजायची आणि ती साठवायचं बटण मात्र पाताळात. आकडेवारी बघणाऱ्या रमलतने एकदा कीबोर्डवर अंदाजाने कळा दाबून त्या बटणापर्यंत पोचायचा प्रयत्न केला होता. शेजारचं ‘पुसा’ लागलं. त्या दिवशी रमलत जेवली नाही, आणि पुन्हा कुणी त्या वाटेने गेलं नाही.

राहता राहिला वर्कीचा मॉनिटर. जुनं सामान भंगारात काढायची ऑर्डर आली, तेव्हा तांत्रिक सहायक वर्कीने तो मागच्या खोलीत फॉर्मलीनच्या बरण्यांमागे सरकवून ठेवला होता. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. टाकायचं म्हटलं की ठेवायचं, एवढाच त्याचा स्वभाव. सहा महिन्यांत त्याचं सोनं झालं. अख्ख्या केंद्रात ‘नोंदवा’ दिसणारा तो एकच पडदा. लोक आपापल्या टेबलावर वलयं मोजत, आकडे चिठ्ठीवर उतरवत, आणि चिठ्ठी घेऊन वर्कीच्या स्टुलावर येऊन बसत. तोपर्यंत वर्की खुर्चीत मागे रेलून बसलेला असे, नेसलेल्या मुंडूचं टोक गुडघ्यावर आणि चेहऱ्यावर आज फार काम आहे असा भाव.

रिकाम्या हाताने यायला बंदी नव्हती. पण रिकाम्या हाताने येणाऱ्याच्या वेळी संगणक जरा सावकाश चालू होई. रमलत कण्णूरची, ती आईकडून आली की केळ्याच्या गोड उन्नक्काया आणायची, आणि तिची चिठ्ठी मधल्यामध्ये पुढे सरकायची. ज्याला आणायला काही नसे तो बातमी आणायचा. मुख्यालयात कुणाची बदली होतेय, कुणाची मुलगी कुणाबरोबर पळाली, बंदरावर कोणत्या होडीला दंड झाला. उण्णित्तान सार प्रमुख असल्यामुळे काही आणत नसत, पण जाताना वर्कीला गाडीतून चर्चच्या नाक्यापर्यंत सोडत. वर्की यातलं काही लिहून ठेवत नसे. कुणी काय दिलं, कुणाकडून काय यायचंय आणि कोण नुसतंच गोड बोलून गेलं, याचा हिशेब त्याच्या डोक्यात एखाद्या वाण्याच्या चोखपणाने मांडलेला असे.

खरं सांगायचं तर त्याला उन्नक्कायाचं एवढं नव्हतं; डॉक्टरांनी साखर बंदच केली होती. घरी साराम्मा टीव्हीपुढे, मुलगी लग्न होऊन कोट्टयमला. दिवसभर दारातून कुणी ना कुणी आत येतंय, स्टूल ओढतंय, “अच्चाया, ऐकलंत का” म्हणतंय, त्यावर त्याचं चालत होतं.

अशात जिन्सी आली.

मुख्यालयाने तिला ओणमपर्यंतच्या करारावर पाठवलं होतं. काम एकच, वलयमची चौकट कोणत्याही पडद्यावर मावेल असं करायचं. जमलं तर करार वाढणार. पोरगी चालाक्कुडीची, बारीक, मोठा चष्मा, आणि बोलताना पेनाने कान खाजवायची सवय. पहिल्याच दिवशी वर्कीच्या खोलीत येऊन तिने त्या जुन्या मॉनिटरला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, “हा अजून जिवंत आहे? याला तर पेन्शन चालू व्हायला हवी.”

“आमची आधी होऊ दे,” वर्की म्हणाला.

त्याने मुलीला बिनदुधाचा कट्टन चाया पाजला, तिच्या घरची चौकशी केली, वडील कोणत्या पॅरिशचे ते विचारलं, आणि ती गेल्यावर बसून विचार केला की हिचं काम फसवायचं कसं.

पहिला उपाय त्याला लगेच सुचला. केरळात एखादी गोष्ट होऊ द्यायची नसेल तर तिला विरोध करायचा नसतो. तिच्यावर बैठक बोलवायची असते. वर्की टेबलाटेबलांवर फिरला. सारांना म्हणाला, नव्या चौकटीत फोटो मोठा नको का, तुमच्या डोळ्यांचं बघायला नको का. रमलतला म्हणाला, आकड्यांचा तक्ता कोपऱ्यात ढकलणार म्हणे, तू आत्ताच बोल. कारकुनाच्या कानात त्याने केंद्राचं बोधचिन्ह सगळ्यात वर, ठसठशीत हवं असं घातलं. बैठक भरली तेव्हा ज्याला त्याला चौकटीतला आपला खण मोठा हवा होता आणि दुसऱ्याचा लहान. दोन तास भांडण रंगलं, केळ्याच्या तळलेल्या पळंपोरी संपल्या, आणि उपसमिती नेमून सगळे उठले. वर्की समाधानाने घरी गेला.

जिन्सीने बैठकीत एक शब्द काढला नव्हता. पुढच्या आठवड्यात तिने सगळ्या खणांच्या मध्ये दांड्या बसवल्या. दांडी माउसने धरायची आणि ओढायची. ज्याला जो खण मोठा हवा त्याने तो करावा. बोधचिन्हाचाही एक खण केला आणि तो शून्यापर्यंत मिटेल असा ठेवला. उपसमिती बसायच्या आधीच निरुपयोगी झाली. वर्कीच्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं.

ओणमनंतर नवं वलयम सगळीकडे बसणार होतं. त्याआधी चाचणीसाठी ते दोनच ठिकाणी घातलं. एक सारांच्या टेबलावर, दुसरं वर्कीच्या खोलीत, जुन्याच्या शेजारी मुद्दाम आणून ठेवलेल्या रुंद मॉनिटरवर. वर्कीने चष्मा पुसून पाहिलं. चौकट मोठी केली की सगळं मोठं होई, लहान केली की लहान. अक्षरं वाचता येत. आणि ‘नोंदवा’ खाली उजवीकडे, हिरवंगार, कुठूनही दिसेल असं. वर्कीला ते बटण आपल्याकडे बघून हसतंय असं वाटलं.

मग त्याने सवयीने एकच खडा दोन्ही पडद्यांवर उघडला. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. उजवीकडचा खडा लांबट दिसत होता. त्याने चौकट अरुंद केली, खडा गोल झाला. रुंद केली, खडा आडवा पसरला. पोरीने सगळ्याबरोबर फोटोही ताणला होता, पुरीच्या पिठासारखा. आणि वलयम जन्मापासून पडद्यावर जे दिसतं तेच मोजत असल्यामुळे लांबीचा आकडाही तेवढाच फुगत होता.

दोन पडदे शेजारी ठेवले तर हे कुणालाही दिसलं असतं. पण शेजारी ठेवलेले दोन पडदे एकाच खोलीत होते, आणि ती खोली वर्कीची होती.

त्याने जुना मॉनिटर बंद केला आणि चाया सांगितला. आज ना उद्या हे कुणाच्या तरी लक्षात येईल, बोभाटा होईल, नवं वलयम काढून टाकतील आणि जुनं ‘नोंदवा’ आपल्या गादीवर कायम राहील. त्याला काही करायचं नव्हतं. फक्त काही बोलायचं नव्हतं. आणि हे मात्र त्याला आयुष्यात फारसं जमलेलं नव्हतं.

लक्षात आलंच, पण भलत्याच रीतीने. उण्णित्तान सार आपल्या टेबलावर चौकट पडदाभर पसरून खडे मोजत असत, आणि काही दिवसांत त्यांचा चेहरा उजळत गेला. या हंगामातल्या तारलीचे कानखडे मागच्या सगळ्या वर्षांपेक्षा लांब येत होते. एखाद-दुसरा नाही, सगळेच्या सगळे. सारांनी आधी सूक्ष्मदर्शक पुसला, मग जुने आकडे काढले, मग दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चायाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं की समुद्र तापल्याचा परिणाम माशाच्या कानापर्यंत पोचला आहे, आणि तो पहिल्यांदा या कायलच्या काठी पकडला गेला आहे.

सार निवृत्तीला आले होते, आणि बऱ्याच वर्षांत त्यांच्या नावावर नाव घेण्यासारखा पेपर नव्हता. त्यांना इतकं खुश वर्कीने कधी पाहिलं नव्हतं. आता बोभाटा झाला की किती मोठा होईल याचा अंदाज घेत तो मनातल्या मनात हात चोळत होता, तोच सारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“वर्की, इतकी वर्षं खडे तू काढलेस आणि नावं आमची लागली. या वेळी दुसरा वाचक तू. पेपरवर तुझं नाव येणार.”

आता केंद्राचा नियम असा की खड्याचं वाचन दोघांनी करायचं, एकमेकांचं न बघता. वर्कीने दुसरा वाचक म्हणून कितीतरी पेपरांची वलयं मोजली होती. शेवटी आभाराच्या ओळीत त्याचं नाव यायचं, तेही कधी कधी चुकीच्या अक्षरांनी. आणि आता थेट वर, सारांच्या शेजारी.

त्याने ही गोष्ट फक्त साराम्माला सांगितली. साराम्माने फक्त आपल्या मुलीला. मुलीचा नवरा कॉलेजात शिकवायचा आणि सासऱ्याला भेटला की आपल्या पेपरांची यादी ऐकवायचा. त्याचा फोन आला, जरा पडलेल्या आवाजात अभिनंदन केलं. रविवारी प्रार्थनेनंतर फादरांनी वर्कीला पायरीवर गाठून विचारलं की तापलेल्या समुद्राबद्दल तरुण मंडळासमोर दोन शब्द बोलाल का. बाजारात मासेवालीने एक बांगडा जास्तीचा घातला आणि म्हणाली, मोठं माणूस झालात, आम्हाला विसरू नका.

आणि मग सारांनी खड्यांच्या फोटोंचा नवा गठ्ठा पाठवला. याच हंगामातल्या पकडीचे, पण त्यांनी स्वतः न पाहिलेले. यांची लांबी-रुंदी दुसऱ्या वाचकाने घ्यायची, म्हणजे पेपर पक्का.

वर्की दोन पडद्यांमध्ये बसला आणि पहिल्यांदा त्याला आपण कुठे येऊन बसलोय ते कळलं. डावीकडे मोजलं तर खडे जुन्यासारखे गोल येणार, चूक बोभाट्याआधीच उघडी पडणार, पोरगी ती दुरुस्त करणार आणि ओणमनंतर हे स्टूल कुणी विचारणार नाही. उजवीकडे मोजलं तर खडे लांब येणार, पेपर जाणार, आणि जगात कुठेतरी कुणीतरी शहाणा माणूस चूक पकडून विचारणार की हे वर्की म्हणजे कोण. जिन्सीच्या गळ्यात पडावा म्हणून सोडलेला फास त्याच्याच गळ्यात पडला होता, आणि वरून हार घातल्यासारखा दिसत होता.

त्याला निवड करता येईना, तेव्हा त्याने दोन्ही केलं. सकाळचे खडे जुन्यावर मोजले, जेवणानंतरचे नव्यावर. हिशेब असा की आकड्यांची अशी खिचडी होईल की सार वैतागून सगळं प्रकरणच गुंडाळतील.

रमलतने आकड्यांचा आलेख काढला. त्याला दोन उंचवटे आले, उंटाच्या पाठीसारखे. सार तो बराच वेळ बघत उभे राहिले. वर्कीही त्यांच्या वैतागण्याची वाट बघत उभा राहिला.

“दोन घराणी आहेत,” सार हळूच म्हणाले. “वर्की, तारलीची दोन घराणी एकाच थव्यात पोहतायत. माझ्या वाट्याला योगायोगाने एकाच घराण्याचे मासे आले. तू होतास म्हणून दुसरं सापडलं.”

पेपरचे आता दोन पेपर होणार होते. सारांनी त्या संध्याकाळी त्याला नाक्यापर्यंत न सोडता थेट घरापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी जिन्सी आली. ती रोजच यायची, दुपारच्या चायाला, स्टुलावर मांडी घालून बसायची. पण आज आल्या आल्या तिने दार लोटून घेतलं.

“अच्चाया, या गठ्ठ्यातले जेवणाआधी किती मोजलेत?”

“का गं?”

“आणि जेवणानंतर?”

वर्की चाया ओतत राहिला. पेला भरला तरी ओतत राहिला.

“दोन उंचवट्यांमधलं अंतर मी मोजलं,” ती म्हणाली. “या दोन मॉनिटरांच्या रुंदीत जेवढा फरक आहे ना, बरोब्बर तेवढं आहे. उजवा उंचवटा या नव्याचा. डावा तुमच्या म्हाताऱ्याचा. माशांचा याच्याशी काही संबंध नाही, ते बिचारे दोन वेळा मेले.”

“तू हुशार आहेस असं मी साराम्मालाही सांगितलंय.”

“तुम्हाला कधी कळलं?”

वर्कीकडे तीन-चार खोटी उत्तरं तयार होती आणि सगळी चांगली होती. पण चष्म्याआडून ती अशी बघत होती, की जणू त्यातलं प्रत्येक तिने आधीच ऐकलंय.

“पहिल्या दिवशी,” तो म्हणाला.

“तेव्हाच सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.”

“म्हणून तर नाही सांगितलं.”

जिन्सीला हसू आलं. ते तिने नाकातच अडवलं, आणि मग पेनाने कान खाजवला. चूक तिचीच आहे, असं ती म्हणाली. खण ताणायचे होते, बटणं ताणायची होती, फोटो नव्हता ताणायचा. फोटो आपल्या अंगच्या मापातच वाढायला हवा, बाजूला जागा उरली तर उरू द्यायची. कुणीही दोन खडे शेजारी ठेवून पाहिले असते. ती मात्र बटणं नीट बसतायत का ते बघत बसली. आता सारांना जाऊन सांगायचं.

“आणि करार?”

“वाढत नाही आता. सारांची दोन घराणी बुडवणाऱ्या मुलीला कोण ठेवेल? आई म्हणतेच आहे, बँकेच्या परीक्षा दे.” ती उठली. “तुमचं बरं होईल पण. नवं काढून टाकतील. लोक तुमच्याकडेच येतील.”

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर वर्कीला सोपं गेलं असतं. ती खरंच तसं म्हणत होती.

ती गेल्यावर वर्कीने नेहमीसारखा डोक्यातला हिशेब उघडला. या स्टुलावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या नावासमोर काहीतरी होतं. रमलत चिठ्ठी घेऊन यायची. कारकून चिठ्ठी नसली तर उसनवार मागायला यायचा. सार चिठ्ठीसाठीच यायचे. बटणाशिवाय यातलं कुणी आलं असतं का, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. उत्तर माहीत असलेले प्रश्न माणूस विचारत नाही. एक जिन्सीच होती, की तिला नोंदवायला काही नव्हतं. ती आली की नुसती बसायची. चालाक्कुडीच्या पुराच्या गोष्टी सांगायची, त्याच्या साखरेच्या गोळ्यांची वेळ विचारायची. तिच्या नावासमोर त्याला काय लिहावं तेच सुचेना.

“च्यायला,” तो मल्याळममध्ये म्हणाला, आणि उठला.

जिन्सी सारांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. आत फोन चालू होता. वर्कीने तिला सांगितलं, तू खाली जाऊन तुझं दहा मिनिटांचं काम करून ये. ती काही म्हणणार, त्याआधी तो आत शिरला होता.

सार मुख्यालयाशीच बोलत होते. दोन घराण्यांची गोष्ट तिकडे पोचवून त्यांनी फोन ठेवला आणि हसून वर्कीला बसायला सांगितलं. वर्की बसला नाही. त्याने सारांच्या टेबलाशी जाऊन वलयम उघडलं आणि त्यात खड्याऐवजी मागच्या ओणमचा ग्रुप फोटो टाकला. मध्ये सार, जरीकाठी कसवू मुंडूत, नेहमीसारखे सडपातळ. चौकट त्याने आधी आक्रसूनच ठेवली होती.

“हे मागच्या ओणमचे तुम्ही, सार.” मग त्याने चौकटीचा कोपरा धरला आणि पडद्याच्या टोकापर्यंत ओढत नेला. सारांचे गाल पसरले, पोट सुटलं, शेजारची रमलत दोन रमलतींएवढी झाली. “आणि हे या हंगामातले. समुद्र तापल्यामुळे.”

सार बघत राहिले. मग त्यांनी वर्कीच्या हातातून माउस घेतला आणि स्वतः चौकट लहान केली, मोठी केली, पुन्हा लहान केली. स्वतःला रुंद होताना आणि बारीक होताना त्यांनी चार-पाच वेळा पाहिलं. वर्कीला वाटलं, आता ओरडतील. पण माणूस निवृत्तीला आला की ओरडण्याआधी थकतो.

“म्हणजे घराणी नाहीत,” ते म्हणाले.

“एकच आहे, सार. तेच जुनं.”

“माझा पेपर गेला, वर्की.”

“आपला, सार.”

सारांनी वर पाहिलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. “तुला हे कधी कळलं?”

“आज सकाळी,” वर्की म्हणाला. या वेळी खोटं अगदी सहज आलं. “मला कुठलं कळणार? पोरीने शोधून काढलं. आलेखाचे दोन उंचवटे बघितले आणि म्हणाली, मासे असे नसतात. दुरुस्तही करतेय, खाली बसलीय. पेपर छापून आल्यावर कुणी बाहेरच्याने काढलं असतं, तर काय झालं असतं?”

काय झालं असतं याचा सारांनी विचार केला आणि त्यांचा चेहरा उतरता उतरता सावरला. त्यांनी पुन्हा मुख्यालयाला फोन लावला. प्राथमिक तपासणीत मापनाची एक त्रुटी केंद्रानेच वेळीच पकडली आहे, असं गंभीर आवाजात सांगितलं. ती पकडणाऱ्या मुलीचा करार वाढवण्याबद्दल लेखी पाठवतो, असंही. वर्की दाराशी उभा राहून ऐकत होता. सरकारी माणूस पडताना उभा कसा राहतो, हे सारांकडूनच शिकावं.

साराम्माला त्याने पेपर पुढच्या वर्षावर गेला असं सांगितलं. तिने चर्चमध्ये सांगितलं की समुद्र अजून पुरता तापलेला नाही. जावयाचा फोन आला. या वेळी त्याचा आवाज खणखणीत होता.

ओणम झाला. नवं वलयम सगळीकडे बसलं. फोटो आता आपल्या मापात राहत होता, दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडून. बाकी सगळं चौकटीबरोबर मोठं-लहान होत होतं, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर खाली उजवीकडे ते हिरवं बटण. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ते गरज नसताना दाबून पाहिलं.

वर्की खोलीत बसून होता. चायाची वेळ झाली, गेली. पलीकडून लोकांचे आवाज येत होते, हसण्याचे, कपबश्यांचे. पावलं दारावरून पुढे जात होती. जिन्सीही दिसली नाही, ती टेबलाटेबलांवर फिरून लोकांना दांड्या कशा ओढायच्या ते शिकवत होती. वर्कीने दोन वेळा स्टुलावरची धूळ पुसली. मग त्याला वाटलं, लोक येत नाहीत तर आपण जावं. यात काही कमीपणा नाही. असलाच तर तो जाणाऱ्याला पहिल्यांदाच वाटतो.

रमलतच्या टेबलाशी त्याचं स्वागत झालं. तिने खुर्ची दिली, डबा उघडला, नवं वलयम किती छान आहे ते सांगितलं. वर्कीने सगळं कबूल केलं. ती चाया आणायला उठली, तेव्हा त्याने माउस हातात घेतला. आकड्यांच्या तक्त्याशेजारची दांडी धरली आणि अलगद, अगदी कडेपर्यंत, ओढून नेली. तक्ता मिटला. जिथे तो होता तिथे आता एक काळी पट्टी तेवढी दिसत होती. बघणाऱ्याला वाटावं की इथे कधी काही नव्हतंच. चाया पिऊन झाला. “काही अडलं तर हाक मार, मी खोलीतच आहे,” असं म्हणून तो उठला, आणि वाटेत कारकुनाच्या टेबलाशीही जरा वेळ थांबला.

खोलीत परत आला तर स्टुलावर जिन्सी बसलेली, मांडी घालून.

“सगळं बघितलं मी,” ती म्हणाली. “या वयात.”

वर्कीने खुर्चीत बसून मुंडू नीट केला. नवीन आहे, हात लागला असेल, असं तो म्हणाला.

“दोघांच्या टेबलांवर लागला?”

“माझे हात लांब आहेत.”

जिन्सीने पेन कानामागे खोचलं. “सगळे खण एका दमात पूर्ववत करायची सोय केलीय मी. लोक दांड्या ओढून ओढून घोळ घालणार, हे दिसतच होतं. वरच्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारायची, बस. तिथे काही लिहिलेलं नाहीये.”

“का नाही लिहिलंस?”

“विसरले.” ती छताकडे बघत होती. “मुख्यालयाला कळवीन कधीतरी. सध्या तुम्हाला आणि मलाच माहीत आहे.”

वर्कीने तिच्याकडे पाहिलं. आपल्या साऱ्या हिशेबात याची नोंद कुठे करायची, हे त्याला याही वेळी समजलं नाही, आणि ते न समजणं त्याने तसंच राहू दिलं.

“घोळ फार झाला तर?” त्याने विचारलं.

“मग तुम्हाला एकट्याला झेपणार नाही. मी येईन मदतीला. पण माझा चाया बिनसाखरेचा नको हं, तुमच्यासारखा.”

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग घाईघाईची पावलं, आणि त्यांच्याही पुढे रमलतचा आवाज, “अच्चाया, माझे आकडेच गेले हो. अख्खा तक्ता गेला.”

जिन्सी उठून खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. वर्कीने चष्मा काढला, मुंडूच्या टोकाने सावकाश पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला.

“बस, बस,” तो दाराकडे न बघता म्हणाला. “असं घाईने होणारं काम नाही ते. बघावं लागेल.”